स्टॉकफिश या बुद्धिबळ इंजिनचं हॅश (तपासलेल्या पोझिशन लक्षात ठेवायची मेमरी) 16 वरून 1024 एमबी केलं आणि जुन्या सेटिंगला 12-8 ने हरवलं. नवी सेटिंग चांगली समजू का?

नका समजू. बरोबरी नसलेले 20 डाव धरा. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असल्या तरी तुमच्या बाजूला 12 किंवा जास्त विजय मिळण्याची शक्यता चारात एक असते. हजार डावांनंतरही 15-20 एलोची (एलो म्हणजे खेळाची ताकद मोजणारे गुण) चूक राहते.

आमच्या क्लबातल्या एका गृहस्थांशी माझा चाचणी न्याय्य कधी म्हणायची याच विषयावर जुना वाद आहे. डिसेंबर 2017 मध्ये डीपमाइंडच्या अल्फाझीरो या प्रोग्रामने 100 डावांत स्टॉकफिश 8 ला 28-0 हरवलं, 72 बरोबरीत सुटले. मी म्हटलं, सामना न्याय्य नव्हता. स्टॉकफिशला 64 थ्रेड (एकाच वेळी चालणारी गणितं) आणि हॅश फक्त 1 जीबी! वर प्रत्येक खेळीला ठरावीक एक मिनिट. अडचणीच्या जागी जास्त वेळ खर्च करायचा, सोप्या खेळीत वाचवायचा, यावर स्टॉकफिशमध्ये केवढी मेहनत आहे. ती सगळी बाद. स्टॉकफिशच्या मूळ लेखकांपैकी टॉर्ड रोमस्टाड यांनीही हेच आक्षेप घेतले होते. गृहस्थ म्हणाले, "हरलं की कारणं सुचतात."

ते मला लागलं. मी घरी स्टॉकफिश 8 लाच स्टॉकफिश 8 विरुद्ध बसवलं. एका बाजूला पूर्ण डावाचं घड्याळ, दुसरीला खेळीमागे ठरावीक वेळ, एकूण वेळ साधारण सारखा. रात्र रात्र लॅपटॉप चालू ठेवला. फरक चुकीच्या मर्यादेबाहेर गेल्यावरच आकडे क्लबात नेले. घड्याळवाली बाजू स्पष्ट पुढे होती. गृहस्थांनी कागद हातातसुद्धा घेतला नाही.

2018 मध्ये छापून आलेल्या हजार डावांच्या सामन्यात प्रत्येक बाजूला डावासाठी 3 तास आणि खेळीमागे 15 सेकंद होते, तरी अल्फाझीरोने 155 जिंकले, 6 हरले. ते जास्त ताकदवान होतं, मान्य. पण तेवढ्याने 2017 ची चाचणी न्याय्य ठरत नाही, हे मी आजही त्यांना सांगेन.

तुम्ही थ्रेड सारखे ठेवा, पाँडर (प्रतिस्पर्ध्याच्या वेळेत विचार करणं) बंद करा, प्रत्येक ओपनिंग रंग बदलून दोनदा खेळवा. पुढे असताना चाचणी थांबवू नका. कधी थांबायचं ते एसपीआरटीला, म्हणजे निकाल पुरेसा पक्का झाला का हे डावागणिक तपासणाऱ्या सांख्यिकी चाचणीला, ठरवू द्या. इंजिनांचे सामने लावणाऱ्या क्यूटचेस या प्रोग्राममध्ये ती सोय आहे. स्टॉकफिशमधले बदल तपासणाऱ्या, 2013 पासून चालणाऱ्या फिशटेस्टवर आधी 10 सेकंद अधिक 0.1 ची (डावाला 10 सेकंद, वर खेळीमागे 0.1) चाचणी होते, त्यात टिकलं तरच 60 अधिक 0.6.

हॅशचं म्हणाल तर इतक्या छोट्या डावांत ते वाढवून फारसं हाती लागत नाही. एकच पोझिशन तासन्‌तास तपासायची असेल, तर मात्र रॅम परवडेल तेवढं खुशाल द्या.