पालकांकडून होऊ शकणाऱ्या बालछळाचा धोका मोजण्यासाठी कोणती प्रश्नावली वापरावी?

पदव्युत्तर प्रबंधासाठी कोणती प्रश्नावली घ्यावी आणि तिच्या गुणांवरून धोकादायक पालक ओळखता येतील का, असे दोन प्रश्न तुम्ही विचारले आहेत. मी या विषयावर संशोधन केले आहे आणि त्या अनुभवावरून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यावरच ठरते: एखाद्या विशिष्ट पालकाबद्दल असा निष्कर्ष केवळ गुणांवरून काढता येत नाही आणि काढूही नये.

याचे कारण साध्या हिशेबात आहे. समजा, 1000 पालकांपैकी 20 जण मुलांना खरोखर इजा करतात आणि तुमची प्रश्नावली अशा पालकांपैकी 80 टक्के अचूक पकडते, तर उरलेल्या पालकांपैकी 85 टक्क्यांना निर्धोक ठरवते. म्हणजे ती 16 जणांना योग्य पकडेल, पण त्यांच्यासोबत 147 निरपराध पालकांवरही शिक्का बसेल. एकूण 163 संशयितांपैकी जेमतेम दहातला एक खरा. प्रश्नावली चांगली असूनही असे होते, कारण मोजायची घटनाच विरळ आहे. गटांची तुलना करण्यासाठी किंवा एखाद्या पालक-प्रशिक्षणानंतर धोका घटला का हे पाहण्यासाठी मात्र हीच प्रश्नावली उपयोगी पडते.

आता निवडीविषयी. धोका मोजणे आणि घडलेला छळ मोजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि प्रबंधांमध्ये त्यांची गल्लत फार होते. मानसशास्त्रज्ञ जोएल मिलनर यांची चाइल्ड अब्यूज पोटेन्शियल इन्व्हेंटरी ही प्रश्नावली धोका मोजते. तिच्यात सहमत किंवा असहमत असे उत्तर द्यायची 160 विधाने असून शारीरिक छळाच्या मापनीत त्यांपैकी 77 मोजली जातात. ही विधाने मुख्यतः मानसिक ताण, ताठर अपेक्षा, असमाधान, मुलाशी आणि कुटुंबाशी असलेल्या अडचणी यांविषयी आहेत. पालक स्वतःला चांगले दाखवत आहे का हे तपासण्याची सोयही तिच्यात आहे, आणि माझ्या मते हेच तिचे सर्वांत मोठे बळ आहे. मात्र ती शारीरिक छळासाठी रचलेली आहे. लैंगिक शोषणाचा धोका तिच्यावरून सांगू नका. संगोपनाविषयीच्या धारणा, म्हणजे मुलाकडून अवास्तव अपेक्षा, सहानुभूतीचा अभाव, शारीरिक शिक्षेवरचा विश्वास, तपासायच्या असतील तर अ‍ॅडल्ट-अ‍ॅडोलसंट पेरेंटिंग इन्व्हेंटरी ही प्रश्नावली अधिक जवळची आहे.

घडलेले वर्तन मोजायचे असेल तर मरे स्ट्रॉस आणि सहकाऱ्यांची 1998 मध्ये प्रसिद्ध झालेली कॉन्फ्लिक्ट टॅक्टिक्स स्केल या प्रश्नावलीची पालक-बालक आवृत्ती पाहा. ती गेल्या वर्षभरात अमुक कृती किती वेळा घडली असे थेट विचारते. मुलांकडूनच माहिती घ्यायची असल्यास आयकास्ट या बालछळ मोजणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रश्नावली-संचात त्यांच्यासाठी वेगळी प्रश्नावली आहे.

भाषांतराला तुमच्या वेळापत्रकात भरपूर जागा ठेवा. दोघांनी स्वतंत्र भाषांतर करणे, तिसऱ्याने ते मूळ भाषेत परत नेणे आणि मग काही पालकांना प्रत्येक विधानाचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगायला लावणे, हे टप्पे वगळू नका. घर नेहमी नीटनेटके असावे हे विधान मूळ प्रश्नावलीत ताठरपणाचे लक्षण मानले, तरी दुसऱ्या समाजात ते निव्वळ शिष्टाचाराचे ठरू शकते. म्हणूनच मूळ प्रश्नावलीचे निर्णायक गुण, म्हणजे ज्यांच्या वर गेल्यास धोका मानला जातो ते, जसे मिलनर यांचे 215 किंवा 166, जसेच्या तसे उचलता येत नाहीत.

आणखी एक बाब माहिती गोळा करण्यापूर्वीच ठरवा. उत्तरांतून एखादे मूल आत्ता धोक्यात असल्याचे दिसले तर काय करायचे, कोणाला कळवायचे, हे लेखी ठरलेले असावे. अनेक देशांत असे कळवणे कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे संपूर्ण गोपनीयतेचे आश्वासन देऊ नका. गोपनीयता कुठे संपते ते संमतिपत्रात पालकांना समजेल अशा शब्दांत लिहा आणि सही घेण्यापूर्वी ते त्यांना वाचून दाखवा.