आईच्या ताटातले तेल आणि घरातली बिडी

तुमचा प्रश्न असा आहे की, 54 वर्षांच्या आईला हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावर भाजीला सोयाबीनचे तेल वापरावे की जवसाचे. शेवटी तुम्ही सहज एक ओळ जोडली आहे की वडील घरातच बिडी ओढतात, त्याचाही काही संबंध असेल का. माझ्या मते खरा प्रश्न ती ओळच आहे. आमच्या घरात तो वेळेवर कोणी विचारला नाही, म्हणून हे उत्तर लिहीत आहे.

आमचे गाव भंडारा जिल्ह्यातले, धानाचे. उभ्या धानातच बांधीच्या (धानाच्या वाफ्याच्या) ओलीवर जवस आणि लाखोरी (लाखेची डाळ) फेकली जात असे, आणि माझ्या लहानपणी भाजीला घाणीवरून काढून आणलेले जवसाचेच तेल असे. तेंदूपत्ता आमच्याच रानातला, त्यामुळे बिडी ही घरातल्या पुरुषांची नित्याची वस्तू होती. माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, दिवसाला बिड्यांचा एक कट्टा (जुडी) संपवीत. हिवाळ्यात दारे-खिडक्या लावून ते शेगडीजवळ बसत आणि आई त्याच खोलीत निजत असे, कारण दुसरी खोली धानाच्या पोत्यांनी भरलेली असायची. असे तिने तीसएक हिवाळे काढले. तंबाखूला मात्र तिने जन्मात हात लावला नव्हता.

2012 च्या जानेवारीत तिच्या छातीत कळ उठली. ज्या दवाखान्यात नेले तिथे तिला विचारले, बिडी-तंबाखू घेता का? ती नाही म्हणाली आणि तो विषय तिथेच संपला. घरात दुसरे कोणी ओढते का, हे कोणी विचारले नाही. सुटी होताना तेल-तुपाचा कागद हातात मिळाला आणि घरच्यांनी तो अक्षरशः पाळला. तिच्यासाठी वेगळी उकडलेली भाजी शिजू लागली. जवसात तेल असते म्हणून तिची आवडती जवसाची चटणीसुद्धा ताटातून गेली. आणि तिच्या खाटेशेजारी बसून, तिचीच विचारपूस करीत, मोठे बाबा बिडी पेटवीत राहिले. मी एकदा बोललो, तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर सुनावले, "बिडी मी ओढतो, अन् कळ तिच्या छातीत कशी येईन? तेलाचंच आहे हे सारं." मला तेव्हा उत्तर देता आले नाही.

आज देता येते. संपृक्त मेदाने (तूप, डालडा यांसारख्या थिजणाऱ्या स्निग्धांशाने) रक्तातले एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाढते आणि रोहिण्यांत (हृदयाकडून रक्त नेणाऱ्या नळ्यांत) थर साचत जातो. त्याला वर्षे लागतात. बिडीचा धूर मात्र अर्ध्या तासात काम करतो. रक्तातील प्लेटलेट (रक्त गोठवणारे सूक्ष्म कण) चिकट होऊन गुठळी धरू लागतात, रोहिण्यांचे अस्तर नीट सैलावत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड प्राणवायूची जागा अडवतो. 2001 साली जपानी संशोधकांनी धूम्रपान न करणाऱ्या निरोगी माणसांना 30 मिनिटे धुरात बसवले, तेव्हा त्यांच्या हृदयाच्या रोहिण्यांची गरजेनुसार रक्तप्रवाह वाढवण्याची क्षमता घटून जवळजवळ धूम्रपान करणाऱ्यांइतकी झाली. दुसऱ्याच्या धुरात राहणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका 25 ते 30 टक्क्यांनी अधिक असतो आणि त्या धुराची कोणतीही मात्रा सुरक्षित नाही, असे अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या (तिथल्या सरकारच्या सार्वजनिक आरोग्याच्या प्रमुख डॉक्टरच्या) 2006 च्या अहवालात स्पष्ट म्हटले आहे. आपल्याकडे 2 ऑक्टोबर 2008 पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे, पण घराच्या ओसरीवर तो कायदा चालत नाही.

मला स्पष्ट वाटते की आपल्याकडे सगळे खापर तेलावर फुटते, कारण तेल बदलणे हे बाईचे काम आहे आणि बिडी सोडणे हे पुरुषाचे. ज्याला बोलायची हिंमत होत नाही, तो तिचे ताट मोजतो.

आता तेलाविषयी. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक ओमेगा-3 असते, पण तापवल्यास ते लवकर बिघडते. म्हणून जवस हलके भाजून चटणी करावी, थोडी थोडी आणि ताजी. आमच्या आईची ती बंद करणे ही चूकच होती. फोडणीला सोयाबीन, करडई, शेंगदाणा यांपैकी जे परवडेल ते चालेल, चार माणसांत महिन्याला दोन-अडीच किलोच्या आत. डालडा मात्र घरात नको. 2022 पासून ट्रान्स मेदाची (तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या, हृदयाला घातक मेदाची) मर्यादा 2 टक्क्यांवर आणली असली, तरी त्यात संपृक्त मेद भरपूर असतोच. भजी-वड्याचे तेल पुन्हा पुन्हा तापवू नये.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आमची आई वर्षानुवर्षे चुलीपुढेही बसली होती आणि लाकडाचा धूरही हृदयाला बाधतोच. तिला रक्तदाबही होता. म्हणून तिचा झटका केवळ बिडीमुळे आला, असे मी म्हणू शकत नाही. तुमच्या आईचेही कारण तिचे डॉक्टरच सांगतील, आणि चटणी सुरू केली म्हणून कोलेस्टेरॉलची किंवा रक्त पातळ करणारी गोळी बंद करू नका. मात्र पुढच्या तपासणीला, घरात बिडी ओढली जाते, हे डॉक्टरांना न विचारताही सांगा. खिडकी उघडून किंवा पंखा लावून भागत नाही. बिडी विझेपर्यंत वडिलांनी घराबाहेर, आवाराच्या टोकाला बसले पाहिजे. आणि हे त्यांना तुम्ही सांगा, आईला सांगायला लावू नका. आमच्या आईने ते मोठ्या बाबांना कधीच म्हटले नाही, आणि 2016 मध्ये ती गेली तेव्हाही खोलीत शेगडीजवळ त्यांचा कट्टा पडलेला होता.