दोनदा जिन्यावरूनच परत फिरलेले सर

“मॅडम, सुईचं नाव काढलं तरी माझ्या हातापायांतलं बळ जातं. आणि डॉक्टर म्हणतात अ‍ॅक्युपंक्चर करून बघा. मी काय करू?” लोकांच्या भीतीवर काम करताना हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडून मी अनेकदा ऐकला आहे. एका सरांची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

सर पन्नाशीच्या आतले, शाळेत शिकवणारे. कित्येक वर्षांची डोकेदुखी, कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखी. तपासण्या झाल्या होत्या, गंभीर काही निघालं नव्हतं. मात्र वेदनाशामक गोळ्या फार होत होत्या. अशा गोळ्या महिन्यातले बरेच दिवस घेत राहिलं तर त्यांच्यामुळेच डोकं दुखू लागतं, म्हणून डॉक्टरांनी अ‍ॅक्युपंक्चर सुचवलं. दोनदा वेळ ठरली आणि दोन्ही वेळा सर दवाखान्याच्या जिन्यावरूनच परत फिरले. घरचे म्हणाले, “एवढा मोठा माणूस, आणि सुईला घाबरतो?” हे सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

पहिल्या भेटीत माझं चुकलं. भीती म्हटल्यावर मी सवयीने दीर्घ श्वास आणि अंग सैल सोडण्याचा सराव घेतला. मग सुईचं एक चित्र दाखवलं, तर ते पांढरे पडले. त्यांना आडवं करावं लागलं. सावरल्यावर मी तो प्रश्न विचारला, जो आधीच विचारायला हवा होता: “भीती वाटते तेव्हा शरीरात नेमकं काय होतं?” ते म्हणाले, “आधी छाती धडधडते. मग कानात घुं होतं, थंड घाम येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. वडिलांचंही असंच व्हायचं.”

म्हणजे सरांना सुईच्या भीतीबरोबर भोवळही येत होती. बहुतेक भीतींमध्ये रक्तदाब वाढतो आणि माणूस सहसा बेशुद्ध पडत नाही. रक्त आणि सुईच्या भीतीत मात्र बऱ्याच जणांचा रक्तदाब आधी चढतो आणि मग एकदम कोसळतो. ही प्रवृत्ती अनेकदा घराण्यात दिसते, मनाच्या कमकुवतपणाशी तिचा संबंध नाही. अशा माणसाला “अंग सैल सोड” म्हणणं उपयोगाचं नाही, कारण त्या क्षणी रक्तदाब वर ठेवायचा असतो. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात यासाठी स्नायू ताणण्याची पद्धत मांडली. दंड, पोट, मांड्या घट्ट आवळायच्या, १० ते १५ सेकंद, चेहऱ्यावर ऊब जाणवेपर्यंत. मग अर्धा मिनिट नेहमीसारखं बसायचं, आणि हे पाच वेळा. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. सरांनी दोन आठवडे रोज हे केलं आणि तेच चित्र पुन्हा पाहिलं. घाम आला, पण ते बसून राहिले.

मग प्रत्यक्ष सुई. अ‍ॅक्युपंक्चर करणाऱ्या डॉक्टरांकडून मी एक सीलबंद पाकीट मागून आणलं होतं. सरांनी ते स्वतः फोडलं. पारदर्शक प्लास्टिकच्या बारीक नळीत सुई होती, वर तारेच्या वेटोळ्यांची मूठ. त्यांनी ती कागदावर टेकवून किंचित दाबली, तर टोचण्याआधीच ती केसासारखी वाकली. रक्त काढायची सुई पोकळ असते आणि साधारण ०.७ मिलिमीटर जाडीची. ही भरीव, बहुधा ०.२ ते ०.३ मिलिमीटर. हिच्यातून औषध आत जात नाही की रक्त बाहेर येत नाही. सर बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “लहानपणी इंजेक्शनच्या वेळी मला दोघांनी धरलं होतं. मी नको नको म्हणत होतो.”

इथे मला धागा सापडला. दुखण्याच्या भीतीखाली, आपलं कुणी ऐकणार नाही ही भीती होती. म्हणून आम्ही डॉक्टरांशी आधीच बोललो. पहिल्या दिवशी एकही सुई नाही, नुसती ओळख. दुसऱ्या भेटीत उपाशीपोटी जायचं नाही, झोपूनच घ्यायचं, एकच सुई, आणि सरांनी हात वर केला की ती लगेच काढायची. शिवाय एक सूचना: स्नायू आवळायचे ते सुई लावण्याआधी. लागल्यावर तो भाग सैलच ठेवायचा, नाहीतर सुई वाकते आणि दुखतं.

सुई अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या भागात लावली. नळीवर टिचकी बसली, मुंगी चावल्यासारखं झालं. पण क्षणभराने आत जड, बोथट ठणका उमटला. अ‍ॅक्युपंक्चरमध्ये असं अनेकदा होतं, पण त्यांना आधी कुणी सांगितलं नव्हतं, मीही नाही. सर घाबरले, हात वर केला. डॉक्टरांनी एक शब्द न बोलता सुई काढली.

घरी त्यांनी सांगितलं, “जमलं नाही.” मला मात्र फोनवर म्हणाले, “मॅडम, मी हात वर केला आणि खरंच काढली हो.” त्यांचा आवाज भरून आला होता. पुढच्या भेटीत त्यांनी चार सुया घेतल्या, वीस मिनिटं.

डोकेदुखी? कमी झाली, पूर्ण गेली नाही. गोळ्याही कमी केल्या होत्या, त्यामुळे श्रेय कशाला किती, हे मी ठरवणार नाही. उपचारांसाठी मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१२ मध्ये अशा जुनाट डोकेदुखीसाठी ५ ते ८ आठवड्यांत १० पर्यंत बैठकांचा विचार करा असं सुचवलं होतं. तरी लटक्या, म्हणजे उपचाराचा नुसता देखावा करणाऱ्या सुयांशी तुलना केलेल्या अभ्यासांत खऱ्या सुयांचा वरचढपणा थोडाच दिसतो. म्हणून मी कुणाला “कराच” म्हणत नाही. करायचं ठरलं तर प्रशिक्षित माणसाकडेच, दर वेळी नवीन, निर्जंतुक सुई. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गरोदरपण, पेसमेकर हे सगळं आधी सांगायचं. आणि भोवळ येते हेही, न लाजता.

गेल्या महिन्यात सरांचा फोन आला. कित्येक वर्षं टाळलेली रक्ततपासणी करून आले होते. रक्त घेणाऱ्या मुलीला त्यांनी आधीच सांगितलं, “मी झोपून देईन, आणि थांब म्हटलं की थांबा.” मांड्या आवळून धरल्या, हात सैल ठेवला. “चक्कर आली का?” मी विचारलं. “थोडी आली,” ते म्हणाले. “मग पाच मिनिटं पडून राहिलो आणि शाळेत गेलो.”