वाचक विचारतात : पूनम गेटसमोर, गाझासाठी

प्रश्न : गाझातील युद्धबंदी टिकावी यासाठी आम्ही वीसेक जण सोलापुरात पूनम गेटसमोर तासभर फलक घेऊन गप्प उभे राहणार आहोत. मोर्चा नाही, भोंगा नाही. तरी परवानगी लागेल का? (साखर पेठ)

लागेल असं धरूनच चाला. शहरात पोलीस आयुक्तालय आहे आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७(३) खाली आयुक्त जमावबंदीचा आदेश काढू शकतात. राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय तो पंधरा दिवसांपलीकडे चालत नाही. पण सण, निवडणूक, परीक्षा अशी कारणं संपत नाहीत, त्यामुळे एक आदेश उतरतो तोच दुसरा येतो. अशा आदेशात पाच जणांची मर्यादा असते. गप्प उभं राहिलात म्हणून तुमचे वीस जण त्यातून सुटत नाहीत.

जागा ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत येते तिथे किमान आठ दिवस आधी अर्ज द्या, दोन प्रतींत. तारीख, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, नेमकी जागा, अंदाजे संख्या, जबाबदार तिघांची नावं आणि मोबाइल क्रमांक लिहा. फलकांवरचा मजकूर सोबत जोडा. हे बंधनकारक नाही, पण ‘घोषणा काय देणार’ हा प्रश्न हमखास येतो आणि मग त्यापायी दोन हेलपाटे पडतात. ध्वनिक्षेपक नसल्याचंही स्पष्ट लिहा, कारण त्याची परवानगी वेगळी असते.

दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. मात्र पोच म्हणजे परवानगी नव्हे. ‘आम्ही पत्र दिलं होतं’ यावर विसंबून बहुतेक जण इथेच अडकतात. नकार आला तर तो कारणासह लेखी मागा. तोंडी नकाराला आव्हान देणं अवघड जातं. १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्ह्याची प्रकरणं उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातात, मुंबईला जायला नको. निकालाची खात्री मात्र कुणी देऊ नये. आझाद मैदानावर गाझासाठी सभा घ्यायला पोलिसांनी परवानगी नाकारली, त्याविरुद्धची याचिका उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. ‘आधी आपल्या देशाचे प्रश्न बघा’ असंही सुनावलं. पुन्हा अर्ज झाला आणि ऑगस्टमध्ये त्याच मैदानावर पोलिसांनीच परवानगी दिली. तेव्हा पहिल्या नकाराला कागद फाडू नका.

आदल्या दिवशी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची नोटीस हाती पडली तर घाबरू नका. ती ताकीद असते, गुन्हा नव्हे. जागेवरून हलवून गाडीत बसवलं आणि संध्याकाळी सोडलं, तर ते बहुधा पोलीस अधिनियमाच्या कलम ६८-६९ खाली असतं. हुज्जत घातली की प्रकरण पुढच्या कलमांवर जातं.

प्रश्न : फलकांना बांबूच्या काठ्या लावल्या तर चालतील? पुतळा जाळायचाही विचार आहे. (अशोक चौक)

दोन्ही नको. कलम ३७(१) च्या मनाई आदेशात काठ्या, लाठ्या आणि पुतळ्यांचं प्रदर्शन हे सगळं येऊ शकतं. पुठ्ठ्याला वरच्या दोन कोपऱ्यांत भोकं पाडून सुतळीने गळ्यात अडकवा. उंच धरायचाच असेल तर कापड दुकानात तागा गुंडाळलेली पुठ्ठ्याची नळी मिळते, ती लावा. सोलापुरात तिची वाण नाही. फलक खांबाला, झाडाला किंवा भिंतीला बांधू नका. विद्रूपीकरणाचा १९९५ चा कायदा आड येतो.

प्रश्न : फ्लेक्सवर उर्दू मजकूर छापला तर सगळी अक्षरं सुटी पडली. तेलुगू आणि कन्नडही हवं आहे. काय करावं? (नई जिंदगी)

छपाईवाल्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर चिकटवला की उर्दूची जोडणी तुटते, कधी शब्द उलट क्रमाने लागतात. मराठीतही रफार आणि पहिली वेलांटी जागा सोडतात. मजकूर व्हॉट्सॲपवर टाइप करून पाठवू नका. ती भाषा जाणणाऱ्याकडून पीडीएफ किंवा मोठं चित्र करून घ्या आणि छापण्याआधी त्याच माणसाला नमुना दाखवा. पाच-सहा शब्दांपलीकडे मजकूर नको, रस्त्यावरून वाचता येत नाही.

आकडा लिहिलात तर तारीख आणि कुणाचा आकडा तेही लिहा : ‘६७ हजारांहून अधिक मृत्यू, गाझा आरोग्य मंत्रालय, ऑक्टोबर २०२५’. आणि लिहायचं ‘इस्रायल सरकार’, ‘यहुदी’ नव्हे. आपल्या कोकणात पिढ्यानपिढ्या मराठी बोलणारे बेने इस्रायली राहत आले आहेत, त्यांचा या बॉम्बफेकीशी काय संबंध?

प्रश्न : पॅलेस्टाइनचा झेंडा घरी शिवायचा आहे. धरला तर गुन्हा होतो का? (जुळे सोलापूर)

तो धरण्यावर बंदी घालणारा कायदा नाही. भारताने पॅलेस्टाइनला १९८८ मध्येच मान्यता दिली आहे. परवानगीत झेंड्याबाबत अट घातली असेल तर मात्र ती पाळावी लागेल.

प्रमाण १:२. चार फूट लांब, दोन फूट रुंद झेंड्याला आठ इंचांचे तीन पट्टे लागतात, शिलाईसाठी कापताना नऊ इंच घ्या. वरून काळा, पांढरा, हिरवा. काठीच्या बाजूला लाल त्रिकोण, त्याचं टोक आत साधारण सोळा इंचांवर. त्रिकोणात चांदणी काढलीत तर तो जॉर्डनचा झेंडा होतो. लाल कापड आधी धुऊन वाळवा, नाहीतर पहिल्याच पावसात रंग पांढऱ्यावर उतरेल.

प्रश्न : युद्धबंदी तर झाली. आता निवेदनात मागायचं काय आणि द्यायचं कुणाला? (सात रस्ता)

१० ऑक्टोबर २०२५ पासून युद्धबंदी लागू झाली, पण त्यानंतरही गाझात हल्ले झाले, माणसं मेली. ‘जगात शांतता नांदो’ असं निवेदन थेट फायलीत जातं. दिल्लीला जे करता येईल तेच मागा. १२ डिसेंबर २०२३ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत भारताने युद्धबंदीच्या बाजूने मत दिलं. १२ जून २०२५ ला तशाच ठरावावर तो तटस्थ राहिला. हा बदल का झाला ते विचारा. शस्त्रनिर्यात थांबवण्याची मागणीही सरकारकडेच करावी लागेल. त्यासाठीची याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये, परराष्ट्र धोरण आपल्या कक्षेत येत नाही म्हणून फेटाळली.

निवेदन परराष्ट्रमंत्र्यांच्या नावे, जिल्हाधिकाऱ्यांमार्फत, एका पानाचं. शनिवार-रविवार कार्यालय बंद असतं. पॅलेस्टिनी जनतेच्या पाठिंब्याचा आंतरराष्ट्रीय दिवस, २९ नोव्हेंबर, २०२६ मध्ये रविवारी येतो. त्या वेळी निवेदन शुक्रवारी, २७ तारखेलाच देऊन मोकळे व्हा.

प्रश्न : तिथेच डबा फिरवून मदत गोळा करावी का? (विजापूर रोड)

नको. धर्मादाय कारणासाठी वर्गणी जमवायला धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, गणेश मंडळं घेतात तीच. शिवाय जमलेली रोकड गाझापर्यंत पोचवणार कशी? ज्याला द्यायचंय त्याने स्वतःच्या खात्यातून संयुक्त राष्ट्रांच्या यूएनआरडब्ल्यूए या पॅलेस्टिनी निर्वासितांसाठीच्या संस्थेला थेट द्यावं. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार बहुधा बंद असतात, ते आधी बँकेच्या ॲपमधून सुरू करा. या देणगीवर प्राप्तिकरात सवलत मिळत नाही. फॉरवर्ड होऊन आलेल्या क्यूआर कोडवर एक रुपयाही टाकू नका.