चष्म्यासाठी विमा घ्यावा का?

प्रश्न : मी मुलुंडला राहते, वय ४६. मला प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे. ऑफिसच्या मेडिक्लेमवर यंदा डोळ्यांचा ॲड-ऑन देतायत, वर्षाला ३,६०० रुपये, त्यात दोन तपासण्या आणि दोन वर्षांतून एकदा चष्म्याला ३,००० पर्यंत. आईला मोतीबिंदूची सुरुवात आहे असं डॉक्टर म्हणाले, तिचंही यात होईल का? घेऊ का?

उत्तर : ताई, आधी कागद-पेन घ्या. दोन वर्षांत भरणार ७,२००, चष्म्याचे मिळणार ३,०००, राहिले ४,२००, म्हणजे चार तपासण्या प्रत्येकी हजाराच्या वर असतील तरच पैसे फिटले, आणि तेही चारही वेळा आठवणीने गेलात तर (आपण जातो कधी, तर काडी तुटल्यावर!). अमेरिकेत व्हिजन इन्शुरन्स म्हणतात तेही साधारण असंच, तपासणी आणि फ्रेमला ठरावीक रक्कम. चष्मा लागणार हे आपल्याला आधीच माहीत असतं, त्याचा कसला विमा? मी असते तर नसता घेतला.

आईचं वेगळं. मोतीबिंदू या ॲड-ऑनमध्ये नाही, मूळ मेडिक्लेममध्ये बघायचा. सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी घरी असलं तरी डे-केअर म्हणून क्लेम मिळतो. पण आता आईच्या नावाने नवी पॉलिसी काढलीत तर मोतीबिंदूला सहसा दोन वर्षं थांबावं लागतं, शिवाय डॉक्टरांनी सांगितलंय ते फॉर्मवर लिहायलाच हवं, लपवलंत तर क्लेमच्या वेळी तेच कागद पुढे येतात. म्हणून आधी एचआरला विचारा, ऑफिसच्या पॉलिसीत आईवडील घेता येतात का, कारण ग्रुप पॉलिसीत बरेचदा ही थांबायची अट काढलेली असते.

आणि दर डोळ्याला लिमिट किती ते बघाच. आरोग्य संजीवनी नावाच्या ठरावीक नमुन्याच्या आरोग्य पॉलिसीत विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,००० यातलं जे कमी ते, म्हणजे एक लाखाच्या पॉलिसीत एका डोळ्याला २५,०००च. माझ्या आत्याला हॉस्पिटलमधल्या काउन्सेलरबाईंनी लॅमिनेट केलेलं कार्ड दाखवलं, ऑपरेशनमध्ये डोळ्यात बसवायच्या तीन लेन्स, तीन भाव, आणि बोट ठेवलं ते मल्टिफोकलवर, "हिने चष्माच जाईल आजी". आत्या खूष. लिमिटपुरते पैसे विम्याने दिले, वरचे भाच्याने गूगल पे केले, आणि पेपर वाचायला चष्मा अजून लागतोच. त्यामुळे लेन्सचं नाव आणि भाव लिहिलेलं एस्टिमेट हातात आल्याशिवाय तारीख घेऊ नका.