कोकणच्या हवेत कॅव्हेलियर रुळेल का?

प्रश्न : आम्ही रत्नागिरीजवळ राहतो. घरी सासूबाई आणि आठ वर्षांची मुलगी आहे. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल पाळावा का?

उत्तर : स्वभावाने हा कुत्रा तुमच्या घराला शोभेल. सुमारे ६ ते ८ किलो वजनाची ही जात इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्या नावाने ओळखली जाते आणि कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या ब्रिटनच्या केनेल क्लब या संस्थेने तिला १९४५ मध्ये स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. माणसांचा सहवास हीच तिची खरी गरज असल्यामुळे सासूबाई दिवसभर घरी असणे ही मोठीच सोय आहे; राखणीसाठी मात्र आपला गावठी कुत्राच बरा.

अडचण हवेची आहे. आखूड नाकामुळे त्याला उकाडा सोसत नाही, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत त्याला पहाटे किंवा तिन्हीसांजेनंतरच फिरवावे. पावसाळ्यात लांब, केसाळ, लोंबते कान ओले राहून त्यांत संसर्ग होतो. ते रोज कोरडे करावेत आणि आगरातून आल्यावर गोचिडी तपासाव्यात.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या जातीत हृदयाच्या मिट्रल झडपेचा (डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेचा) आजार फार आढळतो, त्यामुळे पिल्लाच्या आईवडिलांची हृदयतपासणी झाल्याचे कागद पाहिल्याशिवाय, मुलीने कितीही हट्ट धरला तरी, पिल्लू घेऊ नये.