धागा आणि माग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडिलांना जाऊन दीड वर्ष झालं. त्यांचे ११ सुती शर्ट कपाटात तसेच आहेत. कुणाला देववत नाहीत. त्यांच्या पट्ट्या कापून सतरंजी विणावी असं मनात येतं, पण कात्री घेतली की हात थांबतो. शिवाय बाबांच्या कपड्यावर पाय ठेवायचा, हे मनाला पटत नाही. काय करू?

उत्तर : आधी पायाचं बोलते. माझ्या थोरल्या भावाच्या शर्टांची सतरंजी माझ्या पलंगाशेजारी अंथरलेली असते. सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल तिच्यावर पडतं, आणि त्यात त्याचा अनादर होतोय असं मला एकदाही वाटलेलं नाही. भिंतीवर टांगली असती तर आठवडा-आठवडा तिला हात लागला नसता. तरीही तुमचं मन मानत नसेल तर खुर्चीवर किंवा बाकावर घाला. वीण तीच राहते.

आता कात्रीचं. एक शर्ट, जो पाहिल्यावर बाबाच डोळ्यांपुढे येतात, तो बाजूला काढा. तो कापायचाच नाही. उरलेल्या दहांतला सगळ्यात अनोळखी शर्ट पहिला घ्या. कॉलर, कफ, बटणपट्टी उसवून काढा, बटणं डबीत जपून ठेवा. पाठीचा भाग सर्वांत मोठा आणि सलग असतो. त्याच्या ३ सेंटिमीटरच्या पट्ट्या नागमोडी कापा, म्हणजे प्रत्येक टोकाला दीडेक सेंटिमीटर न कापता सोडून उलट फिरायचं. संपूर्ण पाठीची एकच लांब पट्टी निघते. बाही तर नळीच, तिची शिवण राहू द्या आणि गोल गोल कापत जा. काखेतलं आणि कोपरावरचं कापड हाताने ओढून बघा. कागदासारखं फाटलं तर ते घेऊ नका, पायाखाली टिकणार नाही.

दहा शर्टांत साधारण ६० सेंटिमीटर रुंद, दीड मीटर लांब सतरंजी सहज होते. ताण्यासाठी, म्हणजे उभ्या धाग्यांसाठी, बारीक पण पक्का सुती दोरा घ्या, पांढरा किंवा राखाडी. गडद ताणा शर्टांचे रंग दाबून टाकतो. पट्टी संपली की गाठ मारू नका, पायाला टोचते. दोन्ही टोकं तिरकी कापून ५-६ सेंटिमीटर एकावर एक ठेवा आणि फणीने ठोका.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. विणल्यावर चौकडी चौकडी राहत नाही, रेघ रेघ राहत नाही, सगळ्याचे ठिपके होतात. भावाच्या एका शर्टाच्या खिशाखाली शाईचा डाग होता. तो भाग काढून टाकावा की नाही, यावर मी बराच वेळ अडले होते. शेवटी राहू दिला. आज सतरंजीच्या डाव्या काठाजवळ, लागून असलेल्या दोन ओळींत, बोटाच्या पेराएवढे दोन निळे ठिपके आहेत. दुसऱ्या कुणाला ते दिसतही नाहीत. माझी नजर मात्र रोज तिथेच जाते.

प्रश्न : मुलीला शाळेच्या प्रकल्पासाठी माहिती हवी आहे. चिंध्या विणणं ही हल्लीची ‘टाकाऊतून टिकाऊ’ कल्पना आहे की जुनी?

उत्तर : तिला सांगा, फार मोठ्या काळात कापड टाकाऊ नव्हतंच. सूत हाताने कातायचं, कापड हाताने विणायचं. मग ते विरेपर्यंत वापरणारच. उत्तर जपानच्या थंडीत कापूस पिकत नसे. तिथे जपानच्याच पश्चिम भागातून गलबतांनी जुने सुती कपडे येत. लोक ते फाडून पट्ट्या करत आणि आडव्या धाग्यांच्या जागी विणत. या विणकामाला ‘साकिओरी’ म्हणतात : ‘साकी’ म्हणजे फाडणं, ‘ओरी’ म्हणजे विणणं. युरोपात तर चिंध्यांपासून कागद होई, त्यामुळे चिंध्या गोळा करणं हा धंदाच होता. लाकडाच्या लगद्याचा कागद १९व्या शतकात आला. गिरण्यांमुळे कापड स्वस्त झालं तेही त्याच सुमाराला, आणि मग स्वीडनच्या घराघरांत चिंध्यांच्या सतरंज्या दिसू लागल्या. त्यांना तिथे ‘ट्रासमाटा’ म्हणतात.

विणण्याची कला मात्र याहून कितीतरी जुनी. कापड कुजतं, म्हणून पुरावे आडवाटेने मिळतात. चेक प्रजासत्ताकात दोल्नी व्येस्तोनित्से इथे मातीच्या तुकड्यांवर विणकामाचे ठसे सापडले, ते सुमारे २७,००० वर्षांपूर्वीचे आहेत. मोहेंजोदडोत चांदीच्या भांड्याला चिकटून सुती कापडाचा तुकडा राहिला, कारण धातूच्या क्षारांनी तो जपला. यंत्रांचं वेड असेल तर तिला १७३३चा जॉन के यांचा उडता धोटा (धोटा म्हणजे आडवा धागा या काठाहून त्या काठाला नेणारं साधन) आणि १८०४चा जाकार यांचा छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर चालणारा माग शोधायला सांगा. पण प्रकल्पात पाठ केलेल्या सनावळीपेक्षा पुठ्ठ्यावर दोरा ताणून विणलेली तळहाताएवढी सतरंजी चिकटवलेली मला जास्त आवडेल.

प्रश्न : माझी सतरंजी मधेच अरुंद होते. सुरुवातीला ५० सेंटिमीटर, अर्ध्यात येईतो ४२!

उत्तर : तुम्ही पट्टी ताणून भरताय. आडवा धागा उभ्या धाग्यांच्या खाली-वर वळणं घेत जातो, त्याला रुंदीपेक्षा जास्त लांबी लागते. ती दिली नाही तर तो काठ आत ओढून घेतो. पट्टी सरळ न ठेवता इंद्रधनुष्यासारखी कमान करून सोडा, मग मधून काठाकडे ठोकत न्या. दर चार बोटांनी मोजपट्टीने रुंदी मोजा. एक सेंटिमीटर कमी भरली की तिथेच थांबून त्या ओळी उसवा. पुढे नेटाने रुंद करू म्हणाल तर आधीचा भाग तसाच आखडलेला राहील.